जपान बघायचं होतं, किल्डेर बघितलं

सगळ्यात आधी उशिराबद्दल माफी मागतो. आयर्लंडहून परत येऊन सव्वादोन महिने झाले. निघताना तिकडच्या दोघा-तिघांना शब्द दिला होता की आठ दिवसांत सगळं लिहून टाकतो, म्हणजे ज्यांची मुलं तिथे आहेत आणि जे व्हिसाच्या कामाला लागलेत त्यांना उपयोग होईल. रोज लॅपटॉप उघडायचो, डब्लिनच्या विमानतळापर्यंत लिहायचो आणि बंद करायचो. कारण या प्रवासात एक जागा अशी आहे की तिथे पोचलं की मला माझ्याच चुकीबद्दल लिहावं लागतं. ते हातून होत नव्हतं. आज बसलोच आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. भोसरीला राहतो. जपानी भागीदारीच्या एका कारखान्यात असेंब्ली लाईनवर एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झालो. मुलगी वर्षा आयर्लंडमध्ये डून लेरीला असते, जावई निखिलराव आणि नात ईरा. मुलगा सागर जपानमध्ये नागोयाच्या बाजूला इंजिनिअर आहे. हा ब्लॉगही त्यानेच सुरू करून दिला, मराठी टायपिंग त्यानेच शिकवलं. आम्ही आयर्लंडला निघालो तेव्हा सागरचा फोन येऊन अडीच महिने झाले होते. मेसेज केला की उत्तरात अंगठ्याचं चित्र यायचं. आईने वाढदिवसाला गोड काय केलं ते लिहिलं, अंगठा. भूकंपाची बातमी वाचून मी विचारलं, बरा आहेस ना, अंगठा.

खरं तर यंदा आम्हाला जपानला जायचं होतं. आमच्या कारखान्यातून दरवर्षी दोन-चार जण ट्रेनिंगला जपानला जायचे, पण त्यासाठी डिप्लोमा लागायचा. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं जाऊन आली. येताना मला पंखे, चॉकलेटं, चिनीमातीचे कप आणायची. मी कधी गेलो नाही. सागर तिकडे नोकरीला लागला तेव्हा मला वाटलं, आता आपला नंबर लागला. पण तो म्हणाला, "बाबा, यंदा नको, सुट्टी मिळत नाहीये." मग वर्षाने तिकीट काढलं.

आता उपयोगाचं. व्हिसाच्या कागदांच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. मी तीन केल्या होत्या. प्रवासाचा विमा वयाप्रमाणे महाग पडतो, पण काढाच. सामानात तूप, पेढे, पनीर असलं काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथे बंदी आहे. हिने, म्हणजे आमच्या मंडळींनी, तुपाचा डबा भरला होता. तो मी आदल्या दिवशी काढून शेजारच्या वहिनींना देऊन टाकला. त्यावरून आमच्यात विमानतळापर्यंत बोलणं नव्हतं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुळथाचं पीठ चालतं.

मुंबईहून आखातात एक थांबा आणि तिथून डब्लिन. समोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा दिसतो. रेघ सरळ जायच्या ऐवजी वाकडी जात होती. जगात कुठे लढाई चालू आहे, कुठे नुसती थांबलीय, हे वर्तमानपत्रात वाचून कळत नाही तेवढं त्या वाकड्या रेघेवरून कळतं. मी सगळा वेळ तेच बघत होतो. शेवटी ही म्हणाली, "अहो, तो नकाशा बंद करा की. तुम्ही बघताय म्हणून काय विमान उडायलंय?"

मी बंद केला. पाच मिनिटांनी परत लावला.

डून लेरी हे डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठचं गाव. लिहितात भलतंच, म्हणतात डून लेरी. तिथली माणसं कामाला डब्लिनला जातात ती डार्टने. डार्ट म्हणजे समुद्राला चिकटून जाणारी हिरवी आगगाडी. एक कार्ड घ्यायचं, चढताना टेकवायचं, उतरल्यावर परत टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापतात, म्हणून मी कार्ड हातातच धरून बसायचो. खिडकी उजवीकडची की डावीकडची ते जाताना विचारा. समुद्र एकाच बाजूला आहे.

धक्का बघण्यासारखा आहे. दगडी, लांबलचक, समुद्रात दीड-एक किलोमीटर आत गेलेला. रोज सकाळी आम्ही दोघं त्यावर टोकापर्यंत जायचो. वारा असा की टोपी एका हाताने धरावी लागते. जाण्याआधी मला एक काळजी होती. मध्यंतरी तिथे आपल्या माणसांना रस्त्यात अडवून मारल्याच्या बातम्या भोसरीपर्यंत आल्या होत्या. त्यामुळे पहिले चार दिवस समोरून कुणी आलं की मी हिला भिंतीच्या बाजूला घ्यायचो. पाचव्या दिवशी कुत्रं घेतलेला एक म्हातारा आमच्यासमोर थांबलाच. माझं इंग्रजी कारखान्यातलं, पण तेवढं कळलं. म्हणाला, "तुम्हीच आणलं का हे ऊन? मग इथेच राहा."

मी म्हणालो, "मुलगी इथे आहे."

"माझी ऑस्ट्रेलियात," तो म्हणाला. "दोन्ही पोरं तिकडे. कुत्रं तेवढं राहिलंय." आणि कुत्र्याला म्हणाला, "हो की नाही रे? तुला व्हिसा मिळाला नाही."

त्यानंतर मी हिला भिंतीच्या बाजूला घेणं बंद केलं. मला वाटतं, आयर्लंडचे लोक पिढ्यान् पिढ्या पोट भरायला बाहेर गेले, म्हणून त्यांना परकं असणं काय असतं ते घराघरात माहीत आहे. तरीसुद्धा आता तिथेही काही जण म्हणतात, घरं पुरत नाहीत, बाहेरचे नकोत. जपानचंही तेच वाचतो. तिथे म्हातारे वाढले, पाळणे रिकामे, कामाला माणूस नाही, म्हणून बाहेरून माणसं बोलवायची. आणि माणसं आली की कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते त्यांना कळत नाही म्हणून रागवायचं. मी शिकलेला नाही, चूक असेल तर कळवा. पण जगात हल्ली सगळ्यांना हात हवेत आणि माणूस नको, असं मला दिसतं. पूर्वी अशा बातम्या मी जगाच्या म्हणून वाचायचो. आता जपानमध्ये तांदूळ महाग झाला असं वाचलं की पहिला विचार येतो, सागर काय खात असेल.

निखिलरावांना आठवड्यातून दोन दिवस डंडॉकच्या ऑफिसात जावं लागतं. एक दिवस आम्हाला बरोबर घेतलं. डंडॉक उत्तरेला, गाडीने सव्वा-दीड तास. तिथून पुढे थोड्याच अंतरावर दुसरा देश लागतो, उत्तर आयर्लंड, तो ब्रिटनचा. दुपारी जेवायच्या सुट्टीत ते आम्हाला त्या बाजूला घेऊन गेले आणि एका पेट्रोलपंपावर थांबले.

"बाबा, इथूनच बघा. पुढे ते वळण आहे ना, तिथे यूके."

"फाटक कुठाय?"

"फाटक नाहीये."

"शिपाई?"

"कुणीच नाहीये, बाबा. रस्त्यावरच्या रेघांचा रंग बदलतो आणि मोबाईलला मेसेज येतो."

"मग जाऊन येऊ की जरा," ही म्हणाली.

"नाही आई, तुमचा व्हिसा फक्त इकडचा आहे. कुणी अडवत नाही, पण चालत नाही." हे वाचकांनी लक्षात ठेवा. बेलफास्टला जायचा विचार असेल तर आधी कागद तपासा. तिथे एके काळी सैनिकांची ठाणी होती म्हणे, आणि माणसं मरत होती. आता बायका पलीकडे जाऊन स्वस्त वाणसामान घेऊन येतात. ते बघून मला बरंही वाटलं आणि उगीच भरूनही आलं. दोन देशांनी एवढं भांडून दार काढून टाकलं, आणि आमच्या घरात बाप-लेकात एका फोनवरून दार बसलं होतं. पण तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. त्या फोनवर काय झालं होतं ते फक्त मला आणि सागरला माहीत होतं.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी वर्षा म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला जपान दाखवते."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच आहे. डब्लिनपासून तासाभरावर किल्डेर नावाचं गाव आहे, घोड्यांसाठी प्रसिद्ध. तिथे घोड्यांच्या पागांना लागून शंभराहून जास्त वर्षांची जपानी बाग आहे. एका श्रीमंत माणसाने जपानहून माळी आणला, त्या माळ्याने मुलाला हाताशी घेऊन चार वर्षं खपून ती केली. डून लेरीहून गाडीने जाताना डब्लिनच्या बाहेरचा वळणरस्ता लागतो. त्याच्या एका टप्प्यावर टोल आहे पण नाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत आपण होऊन भरायचे. तुमची वाट त्या टप्प्यावरून जाते का ते आधी बघून ठेवा. मी वर्षाला तीनदा विचारलं, आपली जाते का. शेवटी मागून आठ वर्षांची ईरा म्हणाली, "आजोबा, यू आर ग्रँड. रिलॅक्स." ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तिकडच्या इंग्रजीत येतं. ग्रँड म्हणजे तिथे सगळंच. ताप नाही, ग्रँड. चहा नको, ग्रँड. आजोबा घाबरट आहेत, ग्रँड.

तिकीट माणशी पंधरा युरोच्या पुढे आहे, ज्येष्ठांना थोडी सवलत. पासपोर्ट कुणी मागितला नाही, चेहरा बघूनच दिली. बरोबर एक कागद देतात. बाग म्हणजे माणसाचं आयुष्य, असा त्याचा अर्थ. जन्माची गुहा, मग अज्ञानाचं भुयार, शिक्षणाची टेकडी, तिथून वाटा फुटतात, लग्नाचा लाल पूल, महत्त्वाकांक्षेची उंच चढण, आणि शेवटी म्हातारपण. प्रत्येक ठिकाणी नंबर आहे.

शिक्षणाच्या टेकडीवर ही म्हणाली, "तुम्ही निम्म्यातनंच उतरा. नववीपर्यंतच जायचं."

"आणि तू?"

"मी चौथी. मी इथंच उभी राहते."

हसत हसत आम्ही पुढे निघालो. पाऊस येऊन गेला होता, दगड ओले होते. पाण्यातून दगडांवर पाय टाकत जायची एक वाट आहे. ईरा उड्या मारत निघाली आणि तिचा पाय सरकला. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अबुनाई!"

हा जपानी शब्द आहे. जपून, धोका आहे, असा. कारखान्यात आमचे जपानी साहेब हायाशी सान दिवसातून पन्नास वेळा ओरडायचे, तो माझ्या अंगातच बसलाय. घरात दूध उतू जात असलं तरी मी अबुनाई म्हणतो. ईरा पडली नाही. पण पलीकडच्या बाकावर बसलेली एक बाई एकदम वळली. सत्तरीची असेल, बारीक चणीची, अंगात पावसाचा निळा कोट. ती जपानी होती. तिने उठून मला वाकून नमस्कार केला, मीही केला, तिने परत केला, मी परत केला. ईरा म्हणाली, "मम्मी, हाऊ डू दे स्टॉप?"

बाई खळखळून हसली. मग तिच्याजवळच बसलो. ती चाळीस वर्षं आयर्लंडमध्ये होती. नवरा आयरिश, राहणार पोर्टलीश, तिथून अर्ध्या तासावरचं गाव. नवरा तिथल्याच हॉस्पिटलात होता. भेटायची वेळ दुपारची, सकाळी घरात बसवत नाही, म्हणून ती इथे येऊन बसायची. माझं इंग्रजी तुटकं, माझं जपानी वीस-पंचवीस शब्दांचं. वर्षा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. ही ईराला घेऊन लाल पुलाकडे गेली.

मी जपानची तारीफ सुरू केली. मला ती कुठे करू आणि कुठे नको असं होतं. शिस्त, वेळ, स्वच्छता. मग मी तिला दोरीची गोष्ट सांगितली, जी मी सगळ्यांना सांगतो. आमच्या लाईनवर डोक्याच्या उंचीवर एक पिवळी दोरी असायची. कुणालाही, अगदी झाडूवाल्यालाही, काही चुकीचं दिसलं तर दोरी ओढायची, लाईन थांबते. सांगायला सोपं आहे. ओढायला हात होत नाही, कारण एक मिनिट लाईन थांबली की किती नुकसान ते सुपरवायझर रोज ऐकवायचा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला एक बोल्ट वाकडा बसलेला दिसला. तरी मी ओढली. सगळी लाईन थांबली. सुपरवायझर लांबूनच आईवरून शिव्या देत निघाला. त्याच्या आधी हायाशी सान पळत आले. बोल्ट बघितला. मग दोनशे माणसांसमोर माझ्यापुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, अरिगातो. धन्यवाद. आयुष्यात माझ्यापुढे वाकलेला तो पहिला साहेब. त्या दिवशी मी ठरवलं, आपला मुलगा या लोकांत गेला पाहिजे.

"मग गेला का?" बाईने विचारलं.

"गेला. नागोया."

"खूश आहे?"

तिथे मी अडखळलो. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. मी सांगून टाकलं. मार्चमध्ये सागरचा फोन आला होता. त्यांच्या रात्री साडेदहाला तो ऑफिसातून निघाला होता. म्हणाला, "बाबा, मला नाही जमत आहे. झोप लागत नाही. सोडून येऊ का घरी?"

वर्षा हे इंग्रजीत सांगता सांगता थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"आधी त्यांना सांग."

"आईला माहितीये?"

"तू सांग आधी."

तिने सांगितलं. बाईने विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणालो होतो, घरी येऊन काय करणार? लोक त्या नोकरीसाठी देव पाण्यात घालतात. मी एकतीस वर्षं उभ्याने काम केलं, मी कधी झोपेची तक्रार केली का? जपानी माणूस बघ, कुरकुर करतो का? आणि शेवटी, माझ्याच प्रेमात पडल्यासारखं, एक जपानी शब्द. हायाशी सान रोज सकाळी प्रार्थनेसारखा म्हणायचे तो. "गांबात्ते." म्हणजे जोर लाव, सोडू नको. सागर म्हणाला, "बरं. ठेवतो." तेवढंच.

ते ऐकून बाई हसली नाही. कोटाच्या बाहीवरचं पाणी पुसत राहिली. मग तिने तिच्या धाकट्या भावाचं सांगितलं. ओसाकात नोकरीला होता. एकदा त्याने वडिलांना फोन करून सांगितलं, दमलोय. वडील म्हणाले, गांबात्ते. सहा महिन्यांनी तो घरी आला, वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. अठरा वर्षं. आई जेवणाचं ताट दाराशी ठेवायची आणि रिकामं उचलायची. वडील रोज संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे, वर जायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत, नुसते बसायचे. ते वारले त्या दिवशी भाऊ खाली उतरला, त्यांच्याजवळ बसला आणि संध्याकाळी परत वर गेला. "आमच्याकडे असे पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "शेजारी विचारत नाहीत. तो सभ्यपणा असतो."

 वर्षा सांगत होती आणि डोळे पुसत होती.

बाईने घड्याळ बघितलं. हॉस्पिटलची वेळ झाली होती. उठताना तिने मला विचारलं, "तुम्ही दोरी ओढली तेव्हा ते साहेब किती वेळात आले होते?"

"अर्ध्या मिनिटात," मी म्हणालो.

तिने मान हलवली, वाकून नमस्कार केला आणि गेली.  एकतीस वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगत होतो, आणि माझ्या पोराने फोनवर दोरीच ओढली होती हे मला परक्या देशात, परक्या बाईकडून कळलं. सुपरवायझर होऊन शिव्या देत धावलो तो मी.

ही परत आली, आम्हा दोघांचे चेहरे बघितले आणि म्हणाली, "काय झालं? पडलं का कोण?" वर्षाने तिला सगळं सांगितलं.  बागेच्या उरलेल्या वाटेवर म्हातारपणाची खुर्ची आहे, कागदात तसाच नंबर आहे. तिथे थांबून ही फक्त म्हणाली, "बसा. दमला असाल." ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

गाडीत बसल्या बसल्या मी सागरला फोन लावला. तिथे रात्रीचे नऊ वाजले असतील. वाजून वाजून बंद झाला. मग मेसेज लिहायला घेतला. पाव तास लिहीत होतो. वर्षाने गाडी एका पंपावर थांबवून फोन मागितला आणि मोठ्याने वाचलं.

"'सागर, तुला यायचं असेल तर ये. पण आधी दुसरी नोकरी बघून ठेव. रजा टाकून ये, राजीनामा देऊ नको. डॉक्टरला दाखव, पण ऑफिसात सांगू नको.' बाबा, चार वाक्यांत चार अटी आहेत."

"मग काय लिहू?"

"मला नका विचारू. मी लिहून दिलं तर ते माझं होईल."

मागून ही म्हणाली, "जेवलास का विचारा. तेवढं तरी येतं का बघा."

मी तेवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा आला. त्या दिवशी वर्षानेही त्याला फोन लावला. तिच्याशी तो दोन मिनिटं बोलला. म्हणाला, ठीक आहे, कामात आहे, बाबांना सांग काळजी करू नका. बाबांना सांग. मला नाही.

त्यानंतर आठ दिवस तिथे होतो. समुद्रकाठचे उंच कडे बघितले, किल्ला बघितला, बटाट्याचे नाना प्रकार खाल्ले. फोटो वर्षाने काढलेत. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण खरं सांगायचं तर डोळ्यांपुढून गेलं सगळं. आयर्लंडला जाणाऱ्यांनी किल्डेरची बाग चुकवू नये एवढं सांगतो. ओल्या दगडांवर जपून. बूट खरखरीत तळव्याचे घाला.

भोसरीला आल्यावर लोक विचारतात, काय काय बघितलं? मी धक्क्याचं सांगतो, त्या कुत्रेवाल्याचं सांगतो. मनात मात्र एक न बघितलेलं घर येतं, त्याचा जिना, आणि तिसऱ्या पायरीवर बसलेला माझ्या वयाचा माणूस. तो वाईट बाप नव्हता. रोज येऊन बसत होता. त्याला पुढच्या पायऱ्या चढायला जमलं नाही, एवढंच. जपानबद्दलचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. हायाशी सान वाकले ते खरं होतं. पण ज्या लोकांनी यंत्रासाठी थांबायला शिकवलं, त्यांच्यात माणसाला थांबता येत नाही, हे मी इतकी वर्षं बघितलंच नाही, कारण मला बघायचं नव्हतं. आणि जपानला कशाला बोलू? ते माझ्याच घरात होतं. मला जायला मिळालं नाही, म्हणून मी त्याला माझ्या जागी पाठवलं, आणि तो माझ्या जागेवरून हललेला मला चालत नव्हता.

इथवर लिहायलाच इतके दिवस गेले. आता जे लिहितो ते बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण ते एकासाठी आहे.

सागर, या ब्लॉगवर कुठल्या देशातून कुणी वाचलं ते दिसतं, ते तूच मला दाखवलं होतंस. त्यात अधूनमधून जपानचा एक आकडा येतो. तो तू आहेस असं धरून लिहितोय. तुझी खोली जशी होती तशी आहे. आईने गादी उन्हात टाकली होती, तिला मी काही सांगितलं नव्हतं, तिने आपली टाकली. तू आलास तर मी स्टेशनवर, विमानतळावर, म्हणशील तिथे येईन. मी तिकडे यावं म्हणालास तर तिकडे येईन, मला नागोया दाखवू नकोस, तुझ्या खोलीत बसेन, स्वयंपाक करीन, बोलणार नाही. तिथेच राहायचं असेल तर राहा. काहीच ठरवायचं नसेल तर काही ठरवू नकोस. मी त्या दिवशी फोनवर जे बोललो ते चुकीचं होतं. हे तुला तोंडाने सांगायचंय, पण तू फोन उचललास तर माझं तोंड परत भलतंच बोलेल अशी भीती वाटते, म्हणून आधी लिहून ठेवतोय.

दमलोय एवढं जरी लिहिलंस तरी पुरे. मी ते वाचेन आणि गप्प बसेन. फोन रात्रीही चालू असतो, आवाज मोठा करून ठेवलाय, आई ओरडते तरी. लवकर काहीतरी कळव रे.